पाचव्या चाकातली हवा

मित्रांनो, दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावल्याशिवाय मला एक शब्दही बोलता येत नाही. चाकाच्या तोंडाला मला लावलं की मी बोलतो, आणि बोलतो तेही एकच, आकडा. उरलेला सगळा वेळ मी मुका. मी गाडीच्या चाकातली हवा मोजणारा एक जुना काटा आहे. पितळेचं अंग, काचेखाली गोल तबकडी आणि तिच्यावर केसाएवढी काळी सुई, एवढीच माझी मालमत्ता. काचही आता तडकलेली आहे. पण आज तुम्ही एवढे शांत बसला आहात, तर मी एका आकड्यावर थांबणार नाही. सगळंच सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या छताच्या एका लांबट कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसायची. तिच्यासमोर भिंतीला एक भला मोठा काटा ठोकलेला होता. तो आमचा थोरला. नळीतून हवा सोडली की थोरला जे सांगेल तेच आम्ही धाकट्यांनी सांगायचं. एखादा जरा इकडेतिकडे झाला की बाई चकार शब्द न काढता त्याला उचलायची आणि पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकायची. त्या डब्यात सगळे खोटे काटे पडलेले असत. दुपारी यंत्रं थांबली, हवा बंद झाली, तरी त्यांच्यातल्या काहींच्या सुया हलत राहायच्या. कशाने हलतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. कान दिला तर डब्यातून बारीक टिकटिक यायची. त्या डब्याची मला फार भीती वाटे. माझी पाळी आली तेव्हा बाईने एकदा थोरल्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शेजारणीला म्हणाली, "हा खरा आहे गं." त्या एका वाक्यावर मी आजवर जगलो आहे.

मला विकत घेतलं मास्तरांनी. ते शाळेतले मास्तर नव्हते, लोकांना गाडी चालवायला शिकवणारे मास्तर होते. दातदुखीमुळे त्यांच्या गालात कायम एक लवंग असायची आणि खांद्यावर एक फडकं. दुकानदाराने पुढे केलेले सगळे काटे त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या एकाच चाकाला आळीपाळीने लावून बघितले. मग मला वर धरून म्हणाले, "बाकीच्यांना दुसऱ्यांदा विचारलं की साक्ष बदलते. हा तेच तेच सांगतोय. मला असलाच हट्टी हवा."

मग सुरू झाली माझी खरी नोकरी. दर रविवारी सकाळी, गाडी जागची हलायच्या आधी, मास्तर मला बाहेर काढायचे. शिकायला आलेली माणसं भोवती उभी असत. मास्तर सांगायचे, "धावून आलेल्या चाकाला काही विचारू नका. ते तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते, आणि फुगलेला माणूस काय, हवा काय, बढायाच मारणार. रात्रभर निजून उठलेलं थंड चाक खरं बोलतं." कुणीतरी टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा दाखवायचं, इतकी भरायची का म्हणून. मास्तर हसायचे. "ती त्याची हद्द आहे. पोट फुटायच्या बेतापर्यंत जेवता का तुम्ही? तुमच्या गाडीने किती खायचं ते दाराच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर असतं. तिथे बघा." आमच्या गाडीच्या दारावर तेहतीस होता.

एकदा एका गृहस्थांनी चाकाला लाथ मारली आणि म्हणाले, "टणक आहे की. हवा मस्त आहे." मास्तरांनी मला लावलं. मी एकोणीस सांगितलं. "साहेब," मास्तर म्हणाले, "लाथेने फक्त आपला पाय दुखतो. खोटं आपण बोलतो, हा बोलत नाही." त्या दिवशी मी तबकडीतल्या तबकडीत किती फुगलो होतो म्हणून सांगू.

मास्तरांची एक खोड होती. ते आधी पाचवं चाक बघायचे. डिकीत, गालिच्याखाली झोपलेली स्टेपनी. "घरातल्या कमावत्यांची चौकशी सगळे करतात," ते म्हणायचे, "अडगळीतल्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून आधी त्याला विचारायचं." कमी भरली तर पायाचा पंप काढून ते तिथल्या तिथे हवा मारायचे. माझं घरही त्या स्टेपनीच्या पोटातच होतं. चाकाच्या मधल्या खोलगट वाटीत, एका कापडी पिशवीत मी राहायचो. बाजूच्या कप्प्यात जॅक आणि पाना. जॅक बोलघेवडा, सगळी गाडी मीच उचलतो म्हणणारा. पाना आडमुठा. पण आमचा संसार बरा चालला होता.

मग तो रविवार आला. मास्तरांनी मला पाचव्या चाकाला लावलं. मी अठ्ठावीस म्हणालो. त्यांनी पंप जोडला आणि पाय मारू लागले. त्या दिवशी पंपाचा आवाज मला ओळखू येईना. मध्येच थांबायचा, मग पुन्हा यायचा. मास्तरांनी हट्टाने तेहतीस भरली, टोपण लावलं आणि डिकीच्या काठावर बसले. कपाळ घामाने भरलं होतं. बायको हाका मारत बाहेर आली तेव्हा म्हणाले, "काही नाही गं, जरा दम लागला." त्यानंतर त्यांनी मला कधीच हात लावला नाही. त्याच आठवड्यात ते इस्पितळात गेले आणि परत आले नाहीत.

शेजारीपाजारी त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणत. घरात दोन मुली. धाकटी लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली. थोरली नोकरी करणारी, आईजवळ राहणारी. गाडी आता तीच चालवू लागली. एका सकाळी तिने डिकी उघडून गालिचा उचलला आणि मला हातात घेतलं. मला बरं वाटलं. तेवढ्यात मास्तरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"त्या चाकाला हात लावायचा नाही."

"आई, फक्त बघतेय हवा किती आहे ते."

"त्यात त्यांची हवा आहे. त्यांच्या पायाने भरलेली. हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"अगं, हवा ती हवा. कुणाची का असेना."

मास्तरीणबाईंनी डिकीच्या झाकणाला हात घातला. थोरलीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मला पिशवीत घातलं आणि गालिचा पुन्हा अंथरला. त्यानंतर बाकीची चार चाकं पेट्रोल पंपावर, तिथल्या यंत्राने, जाता जाता, तापलेली असताना भरली जाऊ लागली. पाचवं चाक घरात न उघडलेल्या खोलीसारखं बंद झालं. आणि त्याच्याबरोबर मी.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

गाडी घराशेजारच्या बंद शेडमध्ये असायची. थोरली बसने कामाला जायची. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की शेडची कडी वाजायची. मग डिकीचं झाकण उघडायचं, गालिचा वर व्हायचा आणि उजेडाच्या आधी एक चेहरा खाली यायचा. मास्तरीणबाई. त्या चाकावर तळवा ठेवायच्या आणि बोलायच्या. न्हाणीघरातला नळ गळतोय. धाकटीचा फोन आला होता. थोरली हल्ली फार उशिरा जेवते. आवाज अगदी रोजचा, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. बोलून झालं की त्या चाकाचं टोपण फिरवून काढायच्या, केसातली पिन काढायच्या आणि तिच्या टोकाने चाकाच्या तोंडातली झडप हलकेच दाबायच्या.

"स्सस्..."

डोळे मिटून त्या खोल श्वास घ्यायच्या. बस, तेवढंच. पुन्हा टोपण, पुन्हा गालिचा, पुन्हा अंधार.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग ती हवा माझ्या अंगावरून गेली आणि मला कळलं. त्या हवेला त्या रविवारच्या शेडचा वास होता. ओल्या फरशीचा, रबराचा, आणि पंपावर वाकलेल्या माणसाच्या तोंडातल्या लवंगेचा. तुम्ही म्हणाल, हवेत कुठली लवंग टिकते. मी वाद घालत नाही. मी काटा आहे, आत काय आहे तेच सांगतो. मास्तर घरातून कधीच गेले होते. डिकीतून अजून जात होते, रोज थोडे थोडे.

तळे राखील तो पाणी चाखील म्हणतात, तशातला हा प्रकार. त्या चाकाला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या, आणि स्वतःच त्याला रिकामं करत होत्या. मला त्यांची फार दया यायची. भीतीही वाटायची. अंधारात जॅक कुजबुजायचा, "हिला कुणीतरी सांगा रे." पण सांगणार कोण? सांगायचं काम माझं, आणि मला कुणी तोंडाला लावत नव्हतं.

एका दुपारी फार उकडत होतं. पत्रा तापून शेडमध्ये भट्टी झाली होती. मास्तरीणबाईंनी पिन दाबली, श्वास घेतला आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "ऐकताय ना?"

माझी सुई हलली.

मी पिशवीत होतो. माझ्या तोंडाला काहीही लावलेलं नव्हतं. तरी सुई शून्यावरून उठली, दोन-तीन रेघा चढली, जरा थरथरली आणि खाली बसली. उकाड्याने झालं असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण त्या दिवशी मला कारखान्यातला तो डबा आठवला, आणि मी खोटा तर ठरलो नाही ना, या धास्तीने पुढे कितीतरी दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मास्तरीणबाई मात्र त्या दुपारी, जणू उत्तर मिळाल्यासारख्या, समाधानाने उठून गेल्या.

असे दोन उन्हाळे गेले. चाकातून येणारा आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी त्या बराच वेळ पिन दाबून धरायच्या, तेव्हा कुठे एक उसासा बाहेर यायचा.

मग धाकटीचे दिवस भरत आले. आईने आपल्याजवळ असावं असा तिचा निरोप होता. थोरलीने आईला घेऊन जायचं ठरवलं. रस्ता लांबचा, एका धरणाच्या पाण्याला वळसा घालून जाणारा. वरच्या अंगाला दगडाच्या खाणी, त्यांच्या लॉऱ्या त्याच रस्त्याने उतरायच्या. निघायच्या आधी थोरलीने चार चाकांकडे नुसती नजर टाकली. दिसायला बरी होती. नजर मास्तरांचीसुद्धा फसायची, म्हणून तर त्यांनी मला आणलं होतं. पण घाई होती.

भरदुपारी पाण्यावरून धुकं चढलं. मी डिकीत होतो, पण थंडावा फटींतून आत आला आणि जॅक गप्प झाला तेव्हा मला समजलं. रस्त्याचा आवाज बदलला. थोरलीचा आवाज आला, "गाडी डावीकडे का ओढतेय?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "रस्ताच उतरता असेल." आणि थोड्याच वेळात पुढच्या डाव्या बाजूने भप् भप् भप् सुरू झालं. दगडाच्या कपचीने चाक चिरलं होतं. आधीच हवा कमी, त्यात ही धार.

थोरली घाबरली, पण बापाची लेक होती. तिने ब्रेकवर एकदम पाय मारला नाही. वेग आपोआप उतरू दिला, रस्ता जिथे रुंद आणि सपाट होता तिथवर गाडी हळूहळू आणली, लुकलुकणारे दिवे लावले, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. आईला डावीकडच्या दारातून उतरवून रस्त्याकडेच्या दगडी कठड्यापलीकडे उभं केलं. मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून लाल त्रिकोण रस्त्यात ठेवायला मागे पुष्कळ अंतर चालत गेली. धुक्यात तिची पावलं विरली, आणि ती परत येईपर्यंत मास्तरीणबाई तिच्या नावाने हाका मारत राहिल्या. प्रत्येक हाक पाण्यावरून थोडी उशिराने परत यायची. परत आलेला आवाज त्यांचा वाटत नव्हता.

थोरलीने उजव्या मागच्या चाकाला दगडाची अडण लावली. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे सैल केले. मग जॅक बरोबर त्याच्या खाचेखाली लावला आणि गाडी उचलली. चिरलेलं चाक काढून तिने ते गाडीच्या बाजूखाली आडवं सरकवलं. "जॅक म्हणजे देव नव्हे," मास्तर म्हणायचे, "त्याचा पाय घसरला तर गाडीने चाकावर बसावं, माणसावर नाही." जॅकला हे वाक्य कधीच आवडलं नव्हतं.

सगळं नीट केलं तिने, एक सोडून. आधी पाचवं, हे ती विसरली. गाडी तीन चाकांवर उभी करून मग तिने गालिचा उचलला.

स्टेपनी रस्त्यावर टेकली तेव्हा तिचा आवाजच मेलेला होता. थोरलीने अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तिने मला पिशवीतून काढलं, झटकलं, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं. मी सात म्हणालो.

"आई, यात हवा नाही गं."

"आहे," कठड्यापलीकडून आवाज आला.

"सात आहे. सातवर गाडी चालत नाही. मी पंप मारते."

"थांब." मास्तरीणबाई कठडा ओलांडून आल्याच. "त्यात दुसरी हवा घालू नकोस."

"आई, आधी पलीकडे जा. इथे उभं राहायचं नाही."

मास्तरीणबाई उभ्या राहिल्याच नाहीत. त्या डांबरावर खाली बसल्या आणि चाकाला दोन्ही हातांनी कवळून धरलं. "मला शब्द दे आधी. त्यांची आहे ती तेवढी राहू दे. दुसरी कुठून तरी गाडी बोलाव, काहीही कर."

तेवढ्यात भोंगा वाजला. खाणीची लॉरी. वरून येतेय की खालून, ते धुक्यात कळेना. थोरलीने आईचे दंड धरले आणि ओढलं. आई चाक सोडेना.

"सोड ते, आई. गाडी येतेय."

"तुझे बाबा आहेत यात."

"बाबा नाहीत त्यात." थोरली इतकी हळू बोलली की मी तिच्या मुठीत होतो म्हणूनच मला ऐकू आलं. "बाबा नाहीत, आई. बाबा कुठेच नाहीत आता."

दोन वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मास्तरीणबाईंचे हात एकदम ढिले पडले. थोरलीने त्यांना कठड्यावरून अक्षरशः पलीकडे लोटलं आणि मागोमाग स्वतःला. त्या धडपडीत मी तिच्या मुठीतून निसटलो आणि रस्त्यावर पडलो. माझी काच तेव्हा तडकली.

लॉरीवाल्याला त्रिकोण दिसला असावा, पण उशिरा. लॉरी आमच्या गाडीला जवळजवळ घासून, वारा उठवत गेली. तिच्या धक्क्याने आमची गाडी डोलली, जॅक तिरका झाला आणि एक जडशीळ आवाज झाला. गाडी खाली आली ती त्या चिरलेल्या चाकावर. त्याच फटीत थोड्या वेळापूर्वी थोरलीचा हात होता.

मग एवढी शांतता झाली की दिव्यांची टिकटिकसुद्धा मोठी वाटू लागली. स्टेपनी कडेला लवंडली होती, तिला खरचटलंही नव्हतं. थोरलीने मला उचललं, चाक कठड्यापलीकडे ओढून घेतलं आणि आईच्या शेजारी गवतात बसली.

मास्तरीणबाईंनी चाकाचं टोपण काढलं आणि कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काही ऐकू येत नाही गं," त्या म्हणाल्या.

"हवा हळूहळू जातेच आई. रबरातून झिरपते. म्हणून तर बाबा दर रविवारी बघायचे. तुझा काही दोष नाही."

मास्तरीणबाईंनी केसातली पिन काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली. "झिरपली नाही. मी सोडली. रोज दुपारी. वासासाठी." थोरलीने पिन मुठीत मिटली. "मला वाटायचं, एवढंसं घेतलं तर काय होतं. आणि बघ ना, आज तुलाच गमावून बसले असते त्याच्यापायी."

थोरलीला राग आला असेल, मला तिच्या बोटांत तो जाणवला. पण ती रडू लागली. मग आई रडू लागली. मास्तर गेले तेव्हा माणसांच्या गर्दीत त्यांना नीट रडताही आलं नव्हतं. आता त्या धुक्यात, तीन चाकांच्या गाडीशेजारी, दोघींनी ते करून घेतलं.

डोळे पुसून थोरली पंप घेऊन आली. "आहेत ती सात राहू दे आत," ती म्हणाली. "काढायची काही गरज नाही. वरून आपली घालू."

"मी घालते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तू तुझं काम कर."

त्यांनी चप्पल नीट घातली, पदर खोचला आणि पंपावर पाय ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. सुरुवातीला पाय घसरे, मग जमला. पंप भोवतालचं धुकं ओढून आत सोडत होता. थोरली मधूनमधून येऊन मला लावायची. बारा. अठरा. चोवीस. मी आतली हवा चाखत होतो. जुनी सात कुठे आहेत ते शोधत होतो. सुरुवातीला ती वेगळी कळत होती, नवी हवा आली तशी बाजूला सरून जागा करून देणारी. मग कळेनाशी झाली. चोविसाच्या पुढे चाकात एकच हवा होती.

तेहतीस झाले. थोरलीने आता जॅक पुन्हा नीट उभा केला, गाडी वर घेतली, चाक बसवलं, नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. गाडी खाली घेऊन पुन्हा करकचून पिळले. लॉऱ्यांचे भोंगे येतच होते, पण मास्तरीणबाई सांगितलेल्या जागेवरून हलल्या नाहीत. जरा पुढे गेल्यावर, धुकं सरलेल्या मोकळ्या जागी, थोरलीने उतरून नट परत एकदा तपासले. तेव्हा कुठे आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळच्या आत दोघी धाकटीच्या दारात होत्या.

मित्रांनो, आता मी तडकलेल्या काचेचा म्हातारा आहे. तडकली काच, सुई शाबूत आहे. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. घरच्या गाडीला पाचवं चाक असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन त्याला विचारा. जे चाक दिसत नाही त्याला आधी विचारा. आणि घरात एखादी वस्तू कुणाची आठवण म्हणून कुणी बंद करून ठेवली असेल, तर तिच्या राखणदाराजवळ जाऊन बसा. माणसं एकटी राखण करत बसली की त्यांच्या हातून काय होईल ते त्यांनाही कळत नाही.

चिरलेल्या चाकाच्या जागी नवं चाक आलं, पाचवं परत डिकीत गेलं, आणि आमच्याकडे हल्ली दर रविवारी दोघी मिळून हवा बघतात. गेल्या रविवारी मास्तरीणबाईंनी स्वतः मला पाचव्या चाकाला लावलं. तीन कमी होते. त्यांनी पाय मारून भरले. मग चष्मा वर ढकलत त्यांनी लेकीला विचारलं, "यातली त्यांची किती उरली असेल गं?"

थोरलीने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि परत एकदा लावलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं, की त्या सातांपैकी किती उरले ते सांगणारा काटा कुणी बनवलेला नाही.

"तेहतीस," थोरली म्हणाली.

मी जन्मात कधी खोटं बोललो नाही, मित्रांनो. त्या वेळी माझी सुई तेहतीसवरच होती. मास्तरीणबाईंनी मान हलवली, टोपण घट्ट बसवलं आणि डिकी लावून घेतली.